उंचावरची जमीन

मिरगाच्या तोंडावर गावी गेले की तात्यांबरोबर कृषी सेवा केंद्राची एक चक्कर ठरलेली. यंदा दुकानापुढे ही गर्दी. डीएपी खताची गाडी आल्याची बातमी आदल्या रात्रीच गावभर झाली होती, आणि डीएपी हवं असेल तर सोबत दुसरं काहीतरी घ्यायलाच लावणारं ते नेहमीचं लिंकिंगही जोरात होतं. कुरकुर करत तात्यांनी पैसे मोजले, पोती ट्रॉलीत चढली. त्यातलं एक शिवणीपाशी उसवलेलं निघालं आणि फळीवर दाणे सांडले. तात्यांनी ते तळहाताने एकूण एक गोळा केले. सांडलेलं खत त्यांना बघवत नाही. करडे, टणक दाणे, पावसाळी हवेत लगेच बोटांना चिकटायला लागलेले, नाकाला झोंबणारा उग्र वास. मूठ माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "हा मुळात दगड असतो म्हणे. खरं का गं?" मी म्हटलं, "हो तात्या, फॉस्फेटचा दगड. आपल्याकडे थोडाच सापडतो, बाकी सगळा बाहेरून येतो." त्यांनी मूठभर दाणे पोत्यात परत सोडले, सुतळीने तोंड आवळलं आणि विचारलं, "आपण आणतो ते ठीक. पण जिथनं उकरतात, तिथं मागं काय राहतं?"

ट्रॉली सुरू झाली आणि त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं. माझं गेलं नाही. पोत्यावर पारादीप हे नाव होतं. ओडिशातलं बंदर म्हणून ते माहीत होतं. रात्री ओसरीवर पडल्या पडल्या त्या कंपनीची कुळकथा वाचत गेले, तर ती १९८१ साली भारत सरकार आणि नौरू प्रजासत्ताक यांच्या भागीदारीत उभी राहिलेली निघाली. नौरू! पॅसिफिकच्या मध्यावरचा एक ठिपका, आणि तो आपल्या सरकारच्या बरोबरीने खताचा कारखाना काढतो. नव्वदीच्या दशकात नौरू त्यातून बाहेर पडला. २००२ मध्ये सरकारने आपला मोठा हिस्सा झुआरी ही खत कंपनी आणि मोरोक्कोची सरकारी फॉस्फेट कंपनी यांच्या संयुक्त कंपनीला विकला. पुढे २०२२ मध्ये गोव्यातला झुआरीनगरचा कारखानाही पारादीपकडे आला. दाबोळीच्या परिसरातून जाताना कितीदा पाहिलेला तो कारखाना आणि विषुववृत्ताजवळचं ते बेट एकाच कागदावर असतील, असं कधी मनातही आलं नव्हतं.

तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी मग उपग्रहाच्या चित्रात शोधलं. ते उत्तर मनातून अजून गेलेलं नाही.

नौरू एकवीस चौरस किलोमीटरचं आहे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात अशी जवळजवळ पाच बेटं मावतील. चित्र मोठं करत गेलं की आधी प्रवाळाचा फिकट कंगोरा दिसतो, त्याच्या आत वाळू, मग नारळी-केवड्याच्या हिरव्याची अरुंद पट्टी. ही पट्टी कुठे दीडशे मीटर, कुठे तीनशे. जवळजवळ सगळी माणसं याच पट्टीवर राहतात, बारा हजारांच्या आसपास. बेटाला वळसा घालणारा रस्ता एकोणीस-वीस किलोमीटरचा. नैऋत्येला यारेनमध्ये विमानतळाची धावपट्टी किनाऱ्याला खेटून जाते. संसद आणि सरकारी कचेऱ्या तिच्या शेजारीच. देशाला अधिकृत राजधानी नाही. पश्चिमेला आयवोजवळ समुद्रात घुसलेले लोखंडी सांगाडे दिसतात. बेटाला धड बंदर नव्हतं, कडेला एकदम खोल समुद्र, म्हणून जहाजं पाण्यात तरंगत्या बोयांना बांधायची आणि या लांब हातांवरून त्यांच्या पोटात फॉस्फेट ओतायचं, अशी ती सोय होती. आतल्या बाजूला बुआदाचं छोटं तळं आणि त्याभोवती झाडी. आणि त्यापलीकडे, सगळा मध्यभाग व्यापून, राखाडी.

त्या राखाडीला तिथले लोक टॉपसाइड म्हणतात. खाली किनारा, वर टॉपसाइड, एवढाच तिथला भूगोल. पठारावर प्रवाळाच्या चुनखडीचे सुळके होते आणि त्यांच्या मधल्या खाचांत हजारो वर्षांत साठलेलं फॉस्फेट, वर मातीचा थर आणि जंगल. जंगल तोडायचं, माती बाजूला करायची, सुळक्यांच्या मधलं सगळं क्रेनने उपसून काढायचं, असं ते खाणकाम. सुळके कुणाच्या कामाचे नव्हते म्हणून ते तसेच राहिले. जमिनीवरून काढलेल्या फोटोंत ते माणसाहून कितीतरी उंच, धारदार, उन्हाने पांढुरके पडलेले दिसतात. मधून चालता येत नाही, घर बांधता येत नाही, पेरता येत नाही. बेटाचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग असा आहे. तापलेल्या त्या दगडावरून वर उठणारी हवा पावसाचे ढगही हटवते, असं म्हणतात. नदी तर बेटावर नाहीच. पावसाचं पाणी साठवायचं, नाहीतर समुद्राचं गोडं करून प्यायचं.

याची सुरुवात एका दाराशी झाली. सिडनीतल्या एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत नौरूहून आणलेला एक दगड दार अडवायला ठेवलेला होता. लाकडाचा दगड झालाय, अशी सगळ्यांची समजूत. १८९९ मध्ये अल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याला शंका आली, त्याने तो तपासला, आणि तो उच्च प्रतीचा फॉस्फेट निघाला. बेट तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. १९०७ पासून जहाजं भरून निघायला लागली. जमीनमालकाला टनामागे अर्धा पेनी मिळायचा. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं आणि १९१९ च्या करारानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या तिघांनी ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स नावाची व्यवस्था बसवली. राष्ट्रसंघाने बेट सोपवलं होतं ते तिथल्या माणसांचं भलं करण्यासाठी; कमिशनर्सनी भलं केलं ते आपल्या शेतकऱ्यांचं. बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्तात, जवळपास उत्पादनखर्चात, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या कुरणांवर ते फॉस्फेट पडत राहिलं. न्यूझीलंडची लोकर आणि लोणी जगभर गेलं, त्यात नौरूच्या पठाराचा वाटा आहे. खाणीत राबायला चीनमधून आणि गिल्बर्ट बेटांवरून मजूर आणले. मूळ रहिवासी किनाऱ्यावरून आपली जमीन जहाजात चढताना बघत होते.

मला शेतकऱ्याच्या बाजूने बोलायची सवय आहे, कारण मी शेतकऱ्याच्या घरातली आहे. खत स्वस्त मिळावं, वेळेवर मिळावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे वाचताना मला त्या कुरणवाल्या शेतकऱ्याचा राग धड येत नव्हता. त्यालाही पोत्यावरच्या नावापलीकडे काय दिसत असणार? तात्यांनी विचारलं, तसं त्याच्याकडेही कुणी विचारलं असेल, आणि उत्तर द्यायला घरात कुणी नसेल.

माणसांची गोष्ट तर याहून कठीण. १९२० च्या फ्लूच्या साथीत बेटावर इतके मृत्यू झाले की वंशच टिकतो की नाही अशी धास्ती पडली. किमान दीड हजार माणसं असली तर समाज तग धरेल, असा हिशेब मांडला गेला, आणि १९३२ च्या २६ ऑक्टोबरला जन्मलेल्या एका मुलीने तो आकडा गाठून दिला. तो दिवस आजही आंगाम दिन म्हणून साजरा होतो. किती देश असे असतील, ज्यांचा सण एका बाळाच्या जन्मामुळे लोकसंख्या पुरी झाली म्हणून असतो? पण दहा वर्षांत युद्ध आलं. ऑगस्ट १९४२ मध्ये जपान्यांनी बेट घेतलं, कुष्ठरोग्यांना होडीत घालून समुद्रात बुडवून मारलं, आणि बाराशे रहिवाशांना हजार मैलांवरच्या ट्रुक बेटांवर वेठीला नेलं. ३१ जानेवारी १९४६ ला जहाज त्यांना घेऊन परतलं तेव्हा ७३७ जण उरले होते. बावीस वर्षांनी स्वातंत्र्याचा दिवस ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी हीच तारीख निवडली. ३१ जानेवारी १९६८.

स्वातंत्र्याच्या आधी त्यांच्यापुढे एक पर्याय ठेवला गेला होता. फॉस्फेट संपलं की बेट राहण्यालायक उरणार नाही, तेव्हा सगळ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर जाऊन राहावं. वाटाघाटी बऱ्याच पुढे गेल्या. नौरूच्या लोकांना तिथे स्वतःचं राज्य हवं होतं, ऑस्ट्रेलियाला त्यांना आपले नागरिक करून घ्यायचं होतं. हॅमर डीरोबर्ट हे त्यांचे पुढारी; ट्रुकहून जिवंत परतलेल्यांपैकी एक, पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. १९६४ मध्ये नौरूने नकार कळवला. मला हा नकार फार मोठा वाटतो. धरणग्रस्तांच्या वसाहतींतून वाढलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. बदल्यात मिळालेली जमीन चांगली का वाईट, हा प्रश्न त्यांच्या बोलण्यात फार नंतर येतो. आधी येतं ते हे, की गावाचं नाव आता कशाला उरलं नाही. नौरूच्या लोकांनी उकरलेलं का होईना, नाव असलेलं बेट ठेवलं.

पुढची गोष्ट जगाला जास्त आवडते. खाणी एकवीस दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून त्यांनी कमिशनर्सकडून विकत घेतल्या, १९७० पासून उत्पन्न त्यांच्या हातात आलं, आणि माणशी उत्पन्नात हा देश जगाच्या वरच्या ओळीत जाऊन बसला. कर नाही, दवाखाना फुकट, शिक्षण फुकट. स्वतःची विमान कंपनी, मेलबर्नमध्ये १९७७ साली बांधलेली बावन्न मजली नौरू हाउस, लंडनमधल्या एका संगीत नाटकात घातलेले पैसे. मग फॉस्फेट आटलं, कर्जं चढली, २००४ मध्ये ती इमारत विकावी लागली, २००५ च्या अखेरीस शेवटचं विमान सावकारांनी ओढून नेलं. देशातली बँक बुडाली, लोकांच्या ठेवी अडकल्या. मधल्या काळात एकाच पत्त्यावर शेकडो कागदी बँका नोंदवून परदेशी काळ्या पैशाला वाट करून दिली गेली. २००१ पासून ऑस्ट्रेलियाने आश्रय मागायला आपल्या किनाऱ्याकडे येणारे लोक इथल्या छावण्यांत ठेवले आणि बदल्यात पैसे दिले. अफगाण, इराकी माणसं त्या तापलेल्या टॉपसाइडवर वर्षानुवर्षं अडकून पडली, आणि देशाच्या तिजोरीत छावणीचं भाडं हा मोठा आकडा झाला.

हे सगळं खरं आहे. पण ज्या सुरात ते सांगितलं जातं तो सूर मला खटकतो. आयता पैसा आला, खाल्ला, उडवला, आता भोगा. या गोष्टीत एक तपशील गाळलेला असतो: दगड संपणार हे नौरूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यासाठी फॉस्फेटच्या रॉयल्टीतून निधी बाजूला काढला होता. एका काळी त्यात अब्जभर ऑस्ट्रेलियन डॉलर होते. तो निधी मोडला गेला वाईट गुंतवणुकींनी, लबाड सल्लागारांनी, त्याच्या तारणावर काढलेल्या कर्जांनी, आणि पुढाऱ्यांनीही. आणि हेही सांगायला हवं की टॉपसाइडचा साधारण एकतृतीयांश भाग परक्यांनी उकरला, उरलेला नौरूने स्वतः. मला दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवाव्या लागतात, आणि त्या एकमेकींना पुसत नाहीत.

त्या एकतृतीयांशासाठी मात्र ते भांडले. श्रीलंकेचे न्यायविद क्रिस्टोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला, आणि १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. त्या वेळी जेमतेम नऊ-दहा हजारांचा देश, ज्याचं चलन ऑस्ट्रेलियन डॉलर, ज्याचं संरक्षण ऑस्ट्रेलियाच्या भरवशावर, तो ऑस्ट्रेलियावर दावा लावतो! न्यायालयाने १९९२ मध्ये दावा ऐकण्याजोगा ठरवला आणि पुढल्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने तडजोड केली: १०७ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यातले काही लगेच आणि बाकीचे वीस वर्षांत.

हे वाचत असताना मला राहून राहून गोव्यातली डिचोली आठवत होती. शिरगाव, मये, त्या पट्ट्यातले खंदक, पावसात लाल पाण्याने भरलेले. दशकानुदशकं लोहखनिज बार्जेसमधून मांडवीवाटे गेलं, जपानला गेलं, पुढे चीनला गेलं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विकलेल्या खनिजाच्या किमतीचा दहावा हिस्सा एका कायमस्वरूपी निधीत टाका, पुढच्या पिढ्यांसाठी. गोव्यातल्या मित्रांबरोबर या निधीवर खूप बोलणं झालंय. त्यांना तो अपुरा वाटतो, मला तो फार मोलाचा वाटतो. पण नौरू वाचल्यापासून माझ्या बोलण्यातला ठामपणा थोडा उतरलाय. निधी असणं आणि निधी टिकणं यांच्या मध्ये रोजच्या रोज राखण लागते. ती राखण करायला विचारणारी माणसं लागतात, वर्तमानपत्रं लागतात, वेळेवर होणारं ऑडिट लागतं. आणि सगळेच एकमेकांचे चुलत-मावस असतील तर प्रश्न विचारणं किती अवघड, ते आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सभेत बसलेल्याला सांगायला नको.

नौरूची संसद एकोणीस जणांची. पक्ष नावापुरते, माणूस आणि घराणं बघून मत पडतं, आणि मत देणं सक्तीचं आहे. मोजणीची रीत त्यांची स्वतःची: सगळ्या उमेदवारांना क्रम द्यायचा, पहिल्या पसंतीला एक गुण, दुसरीला अर्धा, तिसरीला एकतृतीयांश. हे खासदार आपल्यातूनच राष्ट्राध्यक्ष निवडतात, आणि दोघंतिघं इकडचे तिकडे झाले की सरकार पडतं. वाईट काळात तर अध्यक्ष महिन्यांच्या हिशेबाने बदलले. राष्ट्रकुल स्पर्धेत देशाला सुवर्ण मिळवून देणारे वेटलिफ्टर मार्कस स्टीफन २००७ ते २०११ राष्ट्राध्यक्ष होते. त्या वाक्यापाशी मी थांबले होते. आपल्या जिल्ह्याच्या गावाहूनही लहान देश. मैदानावर ज्याच्यासाठी ओरडलात त्यालाच उद्या पेन्शनचं विचारायला जायचं.

आजचं उत्पन्न समुद्रातून येतं. जमीन एकवीस चौरस किलोमीटर, पण समुद्रावरचा हक्क तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर. त्या पाण्यात ट्यूना आहे. १९८२ मध्ये शेजारी देशांबरोबर नौरूच्याच नावाने करार झाला, आणि आता हे देश परदेशी जहाजांना मासेमारीचे दिवस विकतात. दिवसाला हजारो अमेरिकी डॉलर. एकेकट्या बेटाला जे जहाजमालक दरडावत असत, त्यांना आता सगळ्यांचा मिळून एक भाव मोजावा लागतो. मला या सगळ्या कहाणीत मनापासून आनंद देणारी हीच एक गोष्ट सापडली.

पण तोच समुद्र वर येतोय. किनाऱ्याची ती पट्टी, जिच्यावर घरं आहेत, दवाखाना आहे, धावपट्टी आहे, तिला धोका आहे. इतर बहुतेक प्रवाळबेटांना पळायला उंच जागाच नाही, नौरूला आहे. मध्यभागी पठार आहे, कुठे कुठे समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटर वर जाणारं. फक्त त्यावर पाय ठेवायला जागा उरलेली नाही. जे विकलं ते फॉस्फेट होतं असं सगळे समजत होते. त्याबरोबर उंचीही गेली, आणि तिची किंमत त्या वेळी कुणाच्याच वहीत नव्हती. आता सरकारची योजना आहे की टॉपसाइडवर सुळके फोडून, सपाट करून, माती बनवून बहुतेक लोकसंख्या वर हलवायची. त्यासाठी पैसा उभा करायला २०२५ पासून एक लाख अमेरिकी डॉलरच्या आसपास रक्कम घेऊन परदेशी माणसांना नागरिकत्व दिलं जातंय.

आणि दुसरा मार्ग पॅसिफिकच्या तळाशी आहे. मेक्सिको आणि हवाईच्या मधल्या खोल समुद्रात निकेल, कोबाल्ट, मँगेनीजचे गोळे पसरलेत. ते काढू पाहणाऱ्या एका कंपनीच्या पाठीशी नौरू देश म्हणून उभा आहे, आणि २०२१ मध्ये त्यानेच समुद्रतळाची देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाला दोन वर्षांत नियम करा असा तगादा लावला. समुद्रजीवशास्त्रात काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने या खाणकामाविरुद्धचं निवेदन सहीसाठी पाठवलं. तिचं म्हणणं मला पटतं. चार-पाच हजार मीटर खाली, जिथे एक गोळा तयार व्हायला लाखो वर्षं लागतात, तिथे यंत्रं फिरवली की काय मरेल याची मोजदादही झालेली नाही. टॉपसाइड ज्यांनी पाहिलं त्यांनी तरी पुन्हा तळ उकरायला निघू नये, असं मलाही आतून वाटतं. पण निवेदनात नौरूचं नाव घेऊन त्याने माघार घ्यावी असं लिहिलंय, आणि सुळके सपाट करायचा खर्च कुणी द्यावा याबद्दल त्यात एक ओळ नाही. मी तिला लिहिलं की ती ओळ घाल, ज्यांच्या कुरणांवर ते पठार पसरलं त्यांची नावं घाल, खत वापरून वाढलेल्या आपल्यासारख्यांचंही घाल, मग सही करते. तिचं उत्तर आलंय. मसुदा ती एकटी बदलू शकत नाही, पण पुढच्या बैठकीत मांडणार आहे, आणि तोवर १९०७ पासून किती टन कुठे गेलं याचे आकडे मी गोळा करून द्यावेत असं म्हणतेय. मी ते काम घेतलंय.